भिकाजीचं घरचं गाऱ्हाणं

भिकाजी घरात फारसा बोलत नाही. "जेवाण वाड", "गुरा इली", "पंखो बंद कर" एवढ्या भांडवलावर त्याने विमलेशी इतकी वर्षं संसार केला. विमलेचं म्हणणं, त्यातलंही पंख्याचं वाक्य अलीकडचं आहे. हाच माणूस राखणदारासमोर उभा राहिला की मात्र त्याच्या तोंडाला पाट फुटतो. धामापुरात तळ्यापासून वर चढून गेलं की त्याची वाडी लागते, आणि वाडीच्या वरच्या अंगाला जुन्या किंजळीच्या झाडाखाली जांभ्याच्या चौथऱ्यावर राखणदाराचा पाषाण आहे. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या पोरीचं लग्न जुळेना, कुणाची बोअरवेल कोरडी गेली, की नारळ घेऊन माणसं भिकाजीकडे येतात. तो डोळे मिटून, हात जोडून, खड्या आवाजात त्यांचं गाऱ्हाणं देवाच्या कानावर घालतो आणि जमलेले लोक दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा देतात.

हा मान खरं म्हणजे दुसऱ्या घराकडचा. पण त्या घरातला कर्ता पुरुष मुंबईला नोकरीला लागला. तो गणपतीला आणि शिमग्याला येणार, आणि तोवर लोकांच्या अडचणी शिळ्या होणार. भिकाजीकडे आवाज होता, वेळ होता. काम त्याच्याकडे आलं. आलं ते त्याने इतकं मनावर घेतलं, की वाडीत त्याचा थोडा धाकच बसला. नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं झालं, असं त्याच्याकडे चालत नाही. तो आधी उलटतपासणी घेतो.

शेजारचा महादू म्हशीचं रडगाणं घेऊन आला तेव्हा भिकाजीने विचारलं होतं, "कदी आटली?"

"झाले चार-पाच दिस."

"चार काय पाच? त्या आदी काय खाल्ल्यान? खंय चराक गेल्ली? वांगडा कोण होतो?"

"देवाक ह्या सगळा कित्याक व्हया?" महादू म्हणाला. "देव तो. तेका ठावक नाय?"

"अर्ध्या गाऱ्हाण्याक देव अर्धोच कान देता. जा, नीट आठवान ये."

महादू घरी गेला, आठवत बसला आणि आठवता आठवता त्याच्या ध्यानात आलं, की लग्नातलं उरलेलं जेवण म्हशीला त्यानेच घातलं होतं. ते बंद झालं, म्हैस ताळ्यावर आली. श्रेय अर्थातच गाऱ्हाण्याला मिळालं.

तर असा हा भिकाजी. त्याला एक नातू आहे, समर्थ. दोन वर्षांचा. घरात इतरांवर खर्च न केलेले शब्द भिकाजी या नातवावर उधळतो, तेही कोणी ऐकत नाही असं पाहून. समर्थचा बाप दीपेश देवबागला पर्यटकांची बोट चालवतो. सकाळी जातो, दिवेलागणीला येतो. आई भक्ती देवबागचीच. खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या वाळूच्या पट्टीवर वाढलेली मुलगी; पाणी दोन्हीकडून येतं हे तिला लहानपणापासून माहीत, त्यामुळे कुठल्याही गोष्टीत गाफील राहायची तिला सवय नाही. अंगणवाडीतल्या बाईंनी सांगितलेलं तिने मनात पक्कं केलं होतं, आणि घरात सगळ्यांना बजावलं होतं: पोर पाच वर्षांचं होईपर्यंत त्याच्या तोंडात शेंगदाणा, चणा, काजू काही अख्खं जाता कामा नये. द्यायचं तर कूट करून.

"आमी काय अख्खे खावन मेलांव?" भिकाजी म्हणाला होता. त्याच्या मानाने हे भाषणच झालं.

"तुमी ऱवल्यात, बाबानू. जे ऱवाक नाय, ते सांगाक येवचे नाय," भक्ती म्हणाली, आणि विषय संपला.

काजूच्या हंगामात मागल्या परसात बिया भाजायचं काम भिकाजीचं. बियांचं तेल पेटतं, काळा धूर होतो, म्हणून हे घरापासून लांब करायचं असतं. भाजलेल्या बियांवर राख टाकायची, निवल्या की दगडावर एकेक उभी धरून ठोकायची आणि आतला गर अख्खा काढायचा. दरवर्षीची रीत अशी, की नव्या काजूचे पहिले गर पानावर घालून राखणदारासमोर ठेवायचे, मग घरातल्यांनी खायचे. भिकाजीने ही रीत कधी मोडली नव्हती.

त्या दिवशी समर्थ त्याच्या मांडीशी उभा होता. भक्ती नळावर गेली होती, विमला गोठ्यात. ठोकताना एक गर फुटला. फुटका गर देवाला चालत नाही. अर्धा तुकडा भिकाजीच्या बोटांत होता, गरम, भाजक्या वासाचा, आणि समर्थने आ केला.

पुढचं सगळं फार पटकन झालं. पोर हसत होतं, त्याच हसण्यात श्वास आत गेला आणि ठसका लागला. ठसका थांबेना. ओठ निळे पडले, डोळे पांढरे झाले. भिकाजीने त्याला मांडीवर उपडं घातलं आणि पाठीवर थापट्या मारल्या. एकदम पोराने मोठा श्वास घेतला आणि रडायला लागलं. थोड्या वेळाने रडणं थांबलं, आणि समर्थ कोंबडीच्या मागे पळत सुटला. भक्ती हंडा घेऊन आली, तेव्हा भिकाजी बिया ठोकत बसला होता. तिने पाहिलं, पोर खेळत होतं. सांगण्यासारखं काही उरलं आहे, असं भिकाजीला वाटलं नाही. किंवा उरलं आहे हे कळलं, आणि सुनेचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तुकडा कुठे गेला, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आला नाही. ठसका गेला म्हणजे तोही गेला.

दोनेक दिवस समर्थ ठणठणीत होता. मग खोकला सुरू झाला. त्यानंतर छातीतून आवाज यायला लागला, बारीक शिट्टीसारखा, श्वास सोडताना. विमलेने मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली. मग ओव्याची धुरी द्यायला निखारे घेऊन आली, तर भक्तीने तिला दारातच अडवलं. "आये, तेका श्वास घेवक जमना नाय, आनी तू धूर घालतंस?" विमला निखारे घेऊन परत गेली आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलली नाही. म्हणजे त्या दिवशी घरात कुणीच बोललं नाही.

कुडाळच्या मुलांच्या डॉक्टरांनी समर्थला नीट तपासलं. नळी छातीवर ठेवली, पाठीवर ठेवली, परत छातीवर ठेवली.

"उजव्या बाजूला हवा जरा कमी वाटतेय," ते म्हणाले. "याला कधी एकदम ठसका लागला होता का? खाताना, खेळताना? शेंगदाणा, चणा, काजू, बटण, काहीही?"

"नाही," भक्ती म्हणाली. दवाखान्यात ती पुस्तकातलं मराठी बोलते. "आमच्याकडे अख्खं काही देतच नाहीत. मी बाबांनासुद्धा सांगून ठेवलंय."

बाबा दाराशी उभे होते. भिंतीवर लसीकरणाचा तक्ता होता. भिकाजीने तो जन्मापासून सोळाव्या वर्षापर्यंत वाचून काढला.

औषध दिलं, यंत्राने वाफ दिली. समर्थला बरं वाटलं. औषध संपल्यावर शिट्टी परत आली, आता तापासकट. पुन्हा कुडाळ, पुन्हा औषध, छातीचा फोटो. डॉक्टर म्हणाले, फोटोत काही दिसत नाही, पण दाण्याचा तुकडा असेल तर तो फोटोत दिसतही नाही. "घरी सगळ्यांना विचारा. आठवून बघा. ताप उतरला नाही तर मी पुढे पाठवणारच आहे." भक्तीने घरी येऊन विचारलं. विमला म्हणाली, नाय बाय. दीपेश म्हणाला, मी दिवसभर पाण्यात. भिकाजी म्हणाला, "गुरा बांदूक जातंय," आणि गेला.

त्याच्या बाजूने एक सांगितलं पाहिजे. पोराच्या दुखण्याचं कारण त्याला ठाऊक होतं, अशी त्याची खात्री होती. म्हणून तर तो झोपत नव्हता. कारण हे, की नव्या काजूचा गर देवाच्या आधी नातवाच्या तोंडात गेला. रीत मोडली. राखणदार रागावला. यात डॉक्टरने काय करायचं? आणि हे दुरुस्त करायचं तर गाऱ्हाणं घालायला हवं. गाऱ्हाणं म्हणजे वार, वेळ, जागा, कुणी काय केलं, सगळं आलं. हा नियम वाडीला ज्याने लावला होता, त्याची आता पंचाईत झाली होती.

शेवटी विमलाच एका सकाळी कडाडली. पोर तापाने खांद्यावर पडून होतं, खातपीत नव्हतं, श्वासागणिक बरगड्या आत जात होत्या.

"लोकांच्या म्हशींची गाऱ्हाणी घालतास. नातवाच्या टायमाक तोंडात काय धरलासा? गूळ?"

भिकाजीने नारळ घेतला.

वर जाताना महादू भेटला, आणखी दोघे-तिघे मागून आले. भक्ती गाऱ्हाण्यासाठी आली नव्हती. वाडीत मोबाईलला रेंज फक्त राखणदाराजवळ येते. विमला याचं श्रेय राखणदाराला देते, दीपेश टॉवरला. समर्थला खांद्यावर घेऊन ती डॉक्टरांना फोन करायला चढली होती. सासरे चौथऱ्यासमोर उभे राहिलेले पाहून ती एका बाजूला थांबली. गाऱ्हाणं चालू असताना फोनवर बोलायची रीत नाही.

भिकाजीने डोळे मिटले.

"बा देवा राखणदारा, वाडीच्या धन्या म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"आज ह्यो भिकाजी दुसऱ्याचा नाय, आपल्याच घरचा गाऱ्हाणा घेवन तुज्या पायाकडे इलो आसा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"चूक माजी आसा. पोराची नाय, पोराच्या आवशीची नाय, म्हाराजा. तुका नव्या काजीचो मान देवच्या आदी, बेस्तरवारी सकाळी, मागल्या परसात, ह्या हातान गर फोडलंय आनी अर्धो गर नातवाच्या तोंडात घातलंय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," महादू म्हणाला. या वेळी तो एकटाच म्हणाला.

"तो गर पोराच्या नरड्यात अडाकलो. पोर निळा झाला, डोळे फिरयल्यान. मी उपडा घालून पाठीर थापट्यो मारलंय. तुज्या दयेन पोर परत रडाक लागला म्हाराजा..."

"व्हय..."

"गर खंय गेलो?"

हा आवाज बाजूने आला. महादूच्या तोंडातून 'व्हय' बाहेर पडला होता, 'म्हाराजा' आतच राहिला. राखणदारासमोर चाललेलं गाऱ्हाणं आजवर कुणी मध्ये थांबवलं नव्हतं; एकदा झाडावरून फांदी पडली होती, तेव्हासुद्धा नाही. भिकाजीने एक डोळा उघडला. भक्ती अगदी समोर, त्याच्या आणि देवाच्या मध्ये उभी होती.

"बाबानू, गर भायर पडलो? तुमी बगितलात?"

"नाय."

"मगे खंय गेलो?"

भिकाजीने दुसरा डोळाही उघडला. त्याने राखणदाराकडे पाहिलं. राखणदाराने या विषयात काही मत दिलं नाही.

"गिळल्यान आसतलो," तो म्हणाला.

"आसतलो?"

मग ती जे बोलली ते सासऱ्याशी नव्हतं. फोन कानाला लावून तिथेच, चौथऱ्याला टेकून, ती पुस्तकातल्या मराठीत सांगत होती: काजू, अर्धा तुकडा, निळा पडला होता, हो, त्यानंतरच सुरू झालं सगळं, नाही, बाहेर आलेला कुणी पाहिला नाही. पलीकडून डॉक्टर काय बोलले ते इतरांना कळलं नाही, पण फोन ठेवून ती म्हणाली, "आत्ताच्या आत्ता गोव्याक. ते फोन करून ठेवतत. तेका काय खावक-पिवक देवचा नाय."

महादूने आपली गाडी काढली. तो आणि भिकाजी पुढे बसले, भक्ती आणि विमला मागे, पोर भक्तीच्या छातीशी उभं धरलेलं. दीपेश देवबागहून थेट येणार होता. भक्ती सासऱ्याशी एक शब्द बोलली नाही. शांतता हा भिकाजीचा प्रांत; पण दुसऱ्याने पाळलेली शांतता अंगावर येते, हे त्याला प्रथमच कळत होतं. बांदा आलं तेव्हा महादूला राहवलं नाही.

"गाऱ्हाणा मात्र अर्ध्यार ऱवला, भिकाजी."

"गाडी चालय," भिकाजी म्हणाला.

गोव्यातलं हॉस्पिटल एवढं मोठं होतं, की भिकाजीला पहिल्यांदा वाटलं, इथे इतकी आजारी माणसं आहेत तर बरी कोण आहेत. लहान मुलांच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई वाट पाहत होती. तिने समर्थला तपासलं आणि विचारलं, "ठसको लागिल्लो तेन्ना लागीं कोण आशिल्लो?"

ठसक्याच्या वेळी जवळ होता तो भिकाजीच; तो पुढे झाला. आणि मग जे वाडीला माहीत होतं, ते त्या बाईलाही कळलं: हा माणूस सांगायला लागला की सांगतो. वार सांगितला, वेळ सांगितली. गर भाजलेला होता की ओला, अर्धा होता की पाव, पोर उभं होतं की बसलेलं, हसत होतं की रडत, किती वेळ निळं होतं, पहिला खोकला कधी आला, ताप कधी. बाई लिहून घेत होती. मध्येच तिने मान वर करून मराठीत म्हटलं, "इतकं सविस्तर आम्हाला कुणी सांगत नाही हो."

भक्ती शेजारीच उभी होती. भिकाजीने तिच्याकडे पाहिलं नाही.

बाईने समजावून सांगितलं. तुकडा अन्ननलिकेत न जाता श्वासाच्या नळीत, उजव्या बाजूला उतरला असणार. तिथे गेल्यावर सुरुवातीला पोर शांत होतं, म्हणून घरच्यांना वाटतं संपलं. मग तो फुगतो, भोवती सूज येते, वारा अडतो, ताप येतो. भूल देऊन तोंडावाटे दुर्बिणीची नळी घालायची आणि तुकडा चिमट्याने काढायचा. धोका आहे, पण न काढण्यात जास्त आहे. दीपेश अंगावरच्या खाऱ्या कपड्यांनिशी पोचला होता. त्याने सही केली.

दाराबाहेर बाकावर सगळे बसले. विमला पुटपुटत होती. दीपेश येरझारा घालत होता. भिकाजीने हात जोडून बघितले, पण शब्द येईनात. म्हशींसाठी आले होते, बोअरवेलसाठी आले होते. इथे डोळ्यांपुढे फक्त पोराची वर-खाली होणारी छाती येत होती, आणि ती वर-खाली होत राहू दे, एवढंच मागणं होतं. त्याला वार नव्हता, वेळ नव्हती, जागा नव्हती. त्याच्या नियमाप्रमाणे हे गाऱ्हाणं चाललंच नसतं.

डॉक्टरीणबाई बाहेर आली, तेव्हा तिच्या हातात एक छोटी बाटली होती. आत काजूचा तुकडा, फुगलेला, तपकिरी, हिरमुसल्यासारखा. एवढासा. भिकाजीने तो अर्धा गर ओळखला.

"सगलो भायर काडला," ती म्हणाली. "सूज आसा, ती वतली. कांय दीस हांगा रावचें पडटलें. पूण भुरगें बरें आसा."

पोर बरं आहे एवढं कळलं, आणि विमला तिच्या पाया पडायला वाकली. बाईने तिला वरच्या वर धरलं. भिकाजी हात जोडून उभा राहिला. काहीतरी म्हणायला हवं होतं. संपूर्ण धामापुरात ज्याला शब्द सापडतात, तो माणूस म्हणाला, "बाय." थांबला. परत म्हणाला, "बाय." तिने मान हलवली. तिला पोचलं असावं.

"पांच वर्सां मेरेन अख्खे दाणे दिवंक नाकात," ती जाता जाता म्हणाली. भक्तीने वर पाहिलं नाही. त्याबद्दल भिकाजी तिचा आजही ऋणी आहे.

पुढे वाडीत या प्रकरणाचे दोन पाठ झाले. विमलेच्या मते राखणदारानेच भक्तीला नेमक्या वेळी वर बोलावून घेतलं. गाऱ्हाणं पोचलं ते असं. दीपेशच्या मते कुडाळच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आणि बाबांनी लसीकरणाचा तक्ता वाचायच्या ऐवजी उत्तर दिलं असतं, तर पेट्रोल वाचलं असतं. भिकाजी दोघांचंही ऐकून घेतो. त्याला दोघांचंही पटतं. त्याने राखणदाराला गरांचं पान ठेवलं, आणि कुडाळच्या डॉक्टरांना चांगले अख्खे गर पिशवीभर नेऊन दिले. गोव्याच्या बाईला नारळ पाठवले.

पण ते सगळं नंतर. त्या दिवशी संध्याकाळी समर्थला भूल उतरून वॉर्डात आणलं. तो रडला, आवाज घोगरा होता, पण दणदणीत होता, आणि त्या रडण्यात शिट्टी नव्हती. मग तो आईच्या मांडीवर झोपला. दीपेश आणि महादू विमलेला घेऊन जेवायला गेले. खाटेपाशी भक्ती आणि भिकाजी, दोघंच राहिली.

भक्तीने पोराच्या अंगावरची चादर सारखी केली.

"माका राग येतलो, म्हणान सांगूक नाय?" भक्तीने विचारलं.

"व्हय."

"राग इलोच."

"व्हय."

"अजून आसा."

"आसूचोच."

तिने समर्थच्या पाठीवरून हात फिरवला. "पण चार माणसांत सांगलात," ती म्हणाली. "देवाक म्हणान सांगलात, पण सगळा सांगलात. आपला नाव घेवन. दुसरो कोण आसतो, तर 'चूकभूल माफ कर' म्हणान मोकळो झालो आसतो. मगे माका खंय कळला आसता?"

भिकाजीने डोळे पुसले आणि पंख्याकडे पाहिलं, पण तो बंद करायला सांगावं असं त्याला वाटलं नाही.

भक्तीने मांडीवरचं पोर अलगद उचललं.

"धरा तेका. उभो धरा, मान खांद्यार. माका च्या पिवची आसा."

भिकाजीने हात पुढे केले. पोर त्याच्या खांद्यावर आलं, गरम, जड, झोपेत. त्याने कान त्याच्या पाठीला लावला, आधी डाव्या बाजूला, मग उजव्या. दोन्हीकडे वारा सारखाच येत होता, जात होता.

वॉर्डाच्या दाराबाहेरच चहावाला होता. तिथून खाट दिसत होती, पण भक्ती तिकडे पाठ करून बसली होती. चहा संपल्यावर तिने आणखी एक मागवला.